बांध घालायला गेलो, तर बांध आधीच तयार

हिंगोलीला मी पुण्य कमवायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. मी तास कमवायला गेले होते. आमच्या कंपनीत दर वर्षी प्रत्येकाने ठरावीक तास समाजसेवा करायची असते. मार्चअखेर ती झाली नाही, तर वार्षिक मूल्यमापनात आपल्या नावापुढचा एक रकाना लाल होतो. फेब्रुवारी उजाडला तरी माझा लालच होता. पुण्यातल्या पुण्यात करण्यासारख्या सगळ्या सेवा चपळ लोकांनी केव्हाच पटकावल्या होत्या. मुलांना गोष्टी सांगायच्या जागा भरलेल्या, टेकडीवरचं प्लास्टिक उचलायला तर प्रतीक्षायादी. उरलं होतं हिंगोली. ‘तांड्यावर श्रमदान. मुक्काम कंपनीचा. प्रवासाचे तास धरले जातील.’ हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी नाव नोंदवलं. प्रवास रात्रभराचा. म्हणजे बसमध्ये घोरत पडूनसुद्धा माझी निम्मी समाजसेवा होणार होती. वर वाटेत औंढा नागनाथ. नवरा म्हणाला, “आयजीच्या जिवावर बायजी उदार.” मी म्हटलं, असू दे, उदार तर आहे ना.

मी पगार विभागात काम करते. लोकांचे पगार काढते, कापते, रजा मोजते. त्यामुळे कुठल्या तासाला काय भाव आहे, हे मला झोपेतसुद्धा कळतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गुरुवारी संध्याकाळी खराडीहून बस निघाली. बसला पुढे फलक, मागे फलक. आम्ही वीस-बावीस जण आणि आमचा म्होरक्या निमिष. निमिष एचआरमध्ये आहे. मुलगा वाईट नाही, पण त्याला कुठलीही गोष्ट फोटो काढल्याशिवाय घडली असं वाटतच नाही. सोबत ड्रोनही आणला होता. प्रत्येकाला एक पिशवी मिळाली. त्यात पांढराशुभ्र टी-शर्ट, टोपी, हातमोजे, हात धुवायचं जेल आणि गावकऱ्यांशी कसं बोलावं याचं पत्रक. पत्रकात पहिलीच सूचना होती: ‘सतत हसतमुख राहावे.’ आमच्या विभागातले देशपांडे ती वाचून जे हसतमुख झाले, ते नगर येईपर्यंत तसेच होते. मला वाटलं, ह्यांना झोप लागली की काय.

तुम्ही स्वतःहून जाणार असाल तर पुण्याहून हिंगोलीला रात्रीच्या झोपायच्या बस भरपूर आहेत. एरवी हजाराच्या आसपास तिकीट पडतं, सणावाराला अव्वाच्या सव्वा. नगर, संभाजीनगर, जालना करत गाडी पहाटे जिंतूरच्या पुढे लागते. तिथून औंढ्यापर्यंत रस्ता टेकड्यांमधून जातो, तेवढा मात्र जागं राहून बघा. फेब्रुवारीत थंडी सरत आलेली असते, पण पहाटे शाल लागतेच.

औंढ्याला उजाडता उजाडता पोचलो. देऊळ काळ्या दगडाचं आहे, बाहेरच्या भिंतीवर इतकं कोरीव काम की मान दुखेपर्यंत बघत राहावं. पिंड मात्र खाली आहे. अरुंद पायऱ्या उतरून, वाकून, जवळजवळ बसत बसत तळघरात जायचं. गुडघे दुखत असतील तर वरूनच हात जोडा. देशपांडे उतरले आणि मग त्यांना वर काढायला तिघे लागले. निमिष म्हणाला, हेही एक प्रकारे सांघिक कार्यच झालं. बाहेर प्रसादाच्या दुकानांच्या ओळीत चहा चांगला मिळतो, गोड मात्र फार.

शुक्रवारचा उरलेला दिवस हिंगोलीतल्या हॉटेलात ‘पूर्वतयारी’ झाली. थंडगार खोलीत बसून आम्ही ग्रामीण वास्तव समजून घेतलं. म्हणजे फुगे फुगवले, ते न फोडता एकमेकांकडे दिले आणि भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. निमिषने दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितला. सकाळी तांड्यावरच्या बायकांसाठी वेळेच्या नियोजनाची कार्यशाळा, नाव ‘थोडा वेळ स्वतःसाठी’. मग दुपारभर ओढ्यावर श्रमदान, दगडांचा बांध घालायचा. बांधाचे फलक छापून तयार होते. त्या वेळी, म्हणजे आम्ही फुगे फुगवत असताना, तांड्यावर काय चाललं होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

शनिवारी सकाळी वाशीम रस्त्याने निघालो. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर थांबा, असं मी तुम्हालाही सांगेन. पोह्यांवर लाल तर्री ओततात, घाम फुटतो, पण आत्मा तृप्त होतो. पुढे आत वळून गोरेगाव, तिथला बाजार ओलांडला की तांड्याचा कच्चा रस्ता. तुम्हाला एकट्याने जायचं असेल तर हिंगोलीहून जीपा मिळतात, भरल्याशिवाय सुटत नाहीत आणि भरल्या म्हणजे काय याची व्याख्या चालक ठरवतो.

आणि सगळीकडे हळद. मी हळद आयुष्यभर डब्यात पाहिलेली. इथे ती शेतातून निघत होती, ट्रॉलीतून जात होती, मोठ्या लोखंडी टाक्यांत वाफेवर शिजत होती, मोकळ्या रानात पसरून वाळत होती. वाऱ्याला ओल्या मातीचा आणि उकडलेल्या हळदीचा वास. आपण ऐन सुगीत आलोय, हे शेतीतलं ओ की ठो न कळणाऱ्या मलाही कळलं. निमिषला नाही कळलं. तो म्हणाला, “वा, पार्श्वभूमी मस्त आहे.”

तांड्यावर सगळे हजर. देवळासमोर मांडव, सतरंज्या, एक लाऊडस्पीकर. तांड्याचे नायक थावरू राठोड, पांढरं धोतर, मोठा फेटा, आवाज असा की लाऊडस्पीकरची गरजच नव्हती. इथे तांड्याच्या प्रमुखाला नायक म्हणतात आणि तो शब्द ते कमावतात. त्यांनी एकेका पाहुण्याचा सत्कार केला. पुरुषांना टोपी, टॉवेल, नारळ. बायकांना खण आणि नारळ. प्रत्येकाचं नाव विचारून, ते चुकीचं उच्चारून, मग टाळ्या. हे सगळं पार पडेस्तोवर ऊन चांगलंच चढलं. मला सारखं वाटत होतं की आपण मदत करायला आलोय की लग्नाला.

मग कार्यशाळा. माझ्याकडे कागद वाटायचं काम. समोर तीसेक बायका बसलेल्या. नखांत हळद, हातांना चिरा. पहाटे चूल पेटवून, दुधाचं बघून, शेतावर जायचं सोडून आमच्यासाठी थांबलेल्या. त्यांना निमिष सांगत होता की दिवसाचे लहान लहान भाग पाडावेत आणि त्यातला एक भाग स्वतःसाठी राखून ठेवावा. बायका मान डोलवत होत्या, ज्या पद्धतीने आपण बँकेत विमा विकणाऱ्यापुढे डोलवतो. शेवटी त्याने ठेवणीतला प्रश्न काढला. समजा तुम्हाला अख्खा एक दिवस मिळाला, फक्त तुमचा, तर काय कराल?

कुणी लाजत माहेरी जाईन म्हणाली, कुणी झोपेन म्हणाली. निमिष खूश. मग त्याने कोपऱ्यातल्या एका बाईंकडे बोट केलं. साठीच्या असतील, अंगाने काटक, कपाळावर गोंदण. नाव सक्रीबाई.

“हळद काढीन,” त्या म्हणाल्या.

निमिष म्हणाला, काम नाही हो मावशी, तुमच्यासाठी असलेला दिवस.

“त्योच सांगून राहिले. माझा दिस कालच व्हता. तो तुमच्या बांधाला गेला.”

तक्रार नव्हती त्यात. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. पण नायकांनी फेट्याला उगाच हात लावला.

मला राहवलं नाही. मी नायकांना बाजूला घेऊन विचारलं, कुठला बांध? अजून तर आम्ही कुदळही हातात धरलेली नाही. त्यांनी मला ओढ्यावर नेलं. बांध तयार होता. या काठापासून त्या काठापर्यंत, कंबरेइतका, दगडाला दगड बसवलेला. फलक लावायला दोन खांबसुद्धा रोवलेले होते.

“पाहुणे शहरातून येणार, नाजूक मानसं. दगड उचलून पाठ धरली तर? आमाला बराबर वाटलं न्हाई,” नायक म्हणाले. “म्हनून काल समद्या तांड्यानं मिळून करून टाकला. तुमी फकस्त फोटू काढा.”

मी तिथेच एका दगडावर बसले. आम्ही त्यांच्यासाठी बांध घालायला आलो आणि आम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी तो आधीच घालून ठेवला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तोही दुसऱ्याच्याच हातून.

पण खरी गोष्ट पुढे होती, तीही नायकांनीच सांगितली. ह्या भागात सावड चालते. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या, परवा तिच्या. पैशाचा संबंध नाही. दिवसाला दिवस परत. सक्रीबाईंचा मुलगा आणि सून ऊसतोडीला दौंडकडे गेलेले, मार्च संपेपर्यंत येणार नव्हते. ही बाई एकटी, महिनाभर सगळ्या तांड्याच्या हळदी काढत हिंडली. तिची पाळी सगळ्यात शेवटी, शुक्रवारी. शुक्रवारी तांडा आमच्या बांधावर. आज शनिवारी तांडा आमच्या मांडवात. आणि उद्या दुपारी कुकर जाणार.

कुकर म्हणजे हळद शिजवायच्या त्या मोठ्या टाक्या; काढलेली हळद लवकर शिजवली नाही तर खराब होते. त्यांचे मालक सलीमभाई गोरेगावचे, गावोगाव कुकर घेऊन फिरतात. परतताना ते वाटेवर टाकीची वाफ सोडताना भेटले. मी विचारलं, एखादा दिवस थांबता नाही का येणार? ते म्हणाले, ताई, पुढच्या गावाला जबान दिलीय, तिथेही काढलेली हळद पडून आहे. एकदा गेलो की होळीनंतरच येणं होईल. तोवर सक्रीबाईंच्या विहिरीला पाणी उरणार नव्हतं, जमीन दगड होणार होती आणि त्या टणक मातीतून हळद निघणार ती तुकड्या-तुकड्यांनी. वर्षाचं पीक, तिच्या एकटीच्या पाण्यावर वाढवलेलं. वीस गुंठे.

मला राग आला. कुणावर, ते सांगता येईना. नायकांवर येईना, कारण त्यांनी पाहुण्यांची काळजी केली. निमिषवर थोडा आला. स्वतःवर जरा जास्त आला, कारण काल त्याच वेळी मी हॉटेलात पिवळा फुगा मांडीवर घेऊन बसले होते.

परत आले तेव्हा निमिषला बांधाची बातमी लागली होती आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. फलक आहेत, ड्रोन आहे, बावीस माणसं आहेत आणि श्रमच शिल्लक नाहीत. मग त्याने तोडगा काढला. वरचे दोन थर उतरवायचे आणि आपण पुन्हा चढवायचे. मी म्हटलं, निमिष, त्यापेक्षा सक्रीबाईंची हळद काढू. तो म्हणाला, ताई, धोरणात बसत नाही. लाभ समाजाला द्यायचा असतो, एका व्यक्तीला देता येत नाही. मंजुरी जलसंधारणाची आहे, हळदीचे तास धरले जाणार नाहीत.

हे ऐकून मी मनातल्या मनात गेलेले तास मोजले, खोटं कशाला बोलू. त्या तासांसाठीच तर आले होते. इतका सगळा प्रवास, आणि रकाना लालच राहणार. पण समोर त्या बाई सतरंजीची घडी घालत होत्या. आमच्या मांडवातली सतरंजी. मी म्हटलं, मग नका धरू.

माझ्याबरोबर देशपांडे निघाले, आणि अजून दहा-बारा जण. गंमत म्हणजे अडवलं सक्रीबाईंनीच. पाहुण्यांकडून काम करून घेत नसतात, लोक शेण घालतील तोंडात, असं त्या नायकांना गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, सांगत होत्या; मला अर्थ शेजारच्या एकीने सांगितला. नायकांनी समजावलं, की हे सावडीत धरू. मग त्या माझ्याकडे वळल्या.

“सावडीत असंल तर तुमचा दिस माझ्याकडं ऱ्हाईल. तो मी परत करीन. कबूल हाय का?”

मी म्हटलं, कबूल. मोबाइलवर अटी-शर्ती न वाचता ‘मान्य’ दाबायची सवय, तिथेही तसंच दाबलं. त्यांनी घर कुठं म्हणून विचारलं, तेही सांगितलं. नंबरही दिला.

हळद काढणं म्हणजे काय ते ऐका. पाला आधीच कापलेला असतो. एकाने कुदळीने ढेकूळ उचकटायचं, मागच्याने ते हाताने फोडून माती झटकायची, गड्डे एकीकडे आणि बोटांसारखी हळकुंडं एकीकडे. दिसायला सोपं. आमच्यातल्या एकाने पहिल्याच घावात गड्ड्याचे दोन तुकडे केले, दुसऱ्याने स्वतःच्या बुटावर घाव घातला. मी गड्डे हळकुंडांत टाकत होते आणि सक्रीबाई न बोलता ते परत काढत होत्या. आम्ही मदत करत होतो की काम वाढवत होतो, देव जाणे.

पण एक झालं. पाहुणे उन्हात राबतायत आणि आपण कसं बसायचं, असं म्हणत आधी नायक आले. मग कार्यशाळेतल्या बायका आल्या. मग पुरुष, आणि बघता बघता सगळा तांडा त्या वीस गुंठ्यांत उतरला. ज्या दिवसावरून एवढं रामायण झालं, तो दिवस सक्रीबाईंना असा परत मिळाला. बायका गोरमाटीत गाणी म्हणत होत्या. देशपांडे अर्थ न कळता मान डोलवत होते, आणि आता हसायला त्यांना पत्रक लागत नव्हतं. दुपारी शेताच्या बांधावर बसून ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा. पुण्यात ह्याच जेवणाला अस्सल गावरान म्हणून किती मोजावे लागतात, ते मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

तिकडे ओढ्यावर निमिष आणि उरलेले आठ जण बांधाचे थर उतरवून पुन्हा चढवत होते. त्यांना अवघड जाऊ नये म्हणून नायकांनी चार गडी दिले होते. गड्यांनी उतरवले, गड्यांनीच चढवले, आमच्या लोकांनी मध्ये हात लावला. चारच्या सुमारास निमिष ड्रोन घेऊन आमच्याकडे आला. ओढ्यावर म्हणे माणसं फारच कमी दिसत होती.

दिवस मावळायच्या आत शेवटची ओळ संपली. सलीमभाईंनी कुकरखाली जाळ लावला आणि म्हणाले, काकूंची हळद शिजवूनच हलतो. सक्रीबाईंनी पहिलं टोपलं स्वतः आत ओतलं, पदराने तोंड पुसलं आणि दुसरं टोपलं उचललं. मला रडू आलं, पण जेल लावलेल्या हातांनी डोळे पुसले आणि त्यामुळे जास्तच आलं.

परतीचा प्रवास सगळ्यांनी झोपून काढला. सोमवारी ऑफिसच्या दारात हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला, तर यंत्र म्हणालं ओळख पटत नाही. माझी, देशपांड्यांची, शेतात गेलेल्या पाच-सहा जणांची. अंगठ्याला फोड, वर पिवळा रंग. बांधावर गेलेल्यांची ओळख बरोबर पटली. शेवटी मी स्वतःच्या विभागाला अर्ज केला, की मी मीच आहे.

महिन्याभरात कंपनीच्या अंकात आमचा फोटो आला, पानभर, वरून काढलेला. शंभर माणसं काळ्या रानात ओणवी, मध्ये पांढरे टी-शर्ट मातीने माखलेले. खाली ओळ होती: ‘जलसंधारणासाठी खोदकाम करताना आमचे सहकारी.’ आणि त्याच आठवड्यात मला कळवण्यात आलं की शेतातले तास मंजूर कामात बसत नसल्याने नामंजूर. प्रवासाचे तासही मूळ कामाला जोडलेले, म्हणून तेही गेले. ज्यांनी तयार बांध मोडून पुन्हा बांधला, त्यांचे पूर्ण धरले. वरून मूल्यमापनात निमिषच्या ‘पुढाकारा’ला शाबासकी. मी जळफळले, नवऱ्याला दोन दिवस तेच तेच ऐकवलं आणि मग विसरून गेले.

एप्रिलमध्ये एका शनिवारी फोन आला. सक्रीबाईंचा मुलगा बोलत होता. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. आई नातवंडांना बघायला आधीच दौंडला आली आहे, गावी परतायच्या आधी उद्या तुमच्याकडे आणून सोडतो. मी हरखले. म्हटलं, बाईंना शनिवारवाडा दाखवू, छान जेवू घालू, एक साडी घेऊ. नवऱ्याला श्रीखंड आणायला पिटाळलं.

रविवारी सकाळी सातच्या ठोक्याला बेल वाजली. सक्रीबाईंनी पिशवीतून हळकुंडांची पुरचुंडी काढून ओट्यावर ठेवली, पाणी प्यायल्या आणि पदर खोचला.

“कुटं हाय काम?”

मी हसले. म्हटलं, मावशी, काम कसलं, तुम्ही बसा, गप्पा मारू. त्या बसल्या नाहीत. मी पुन्हा म्हटलं, अहो आमच्याकडे तसलं कामच नसतं, कपड्यांना यंत्र, भांड्यांना बाई. आणि तुम्ही कुठं काय देणं लागता?

त्यांचा चेहरा उतरला. खोचलेला पदर त्यांनी हळूच सोडला.

“दिस परत घेत न्हाई म्हंजे ती सावड न्हाई झाली, बाई. मग तुमी मला भीक घातली व्हती.”

मी ज्याला मोठेपणा समजत होते, तो त्यांच्या डोळ्यांत काय होता ते दिसलं आणि कानशिलं गरम झाली. ज्या बाईने महिनाभर राबून आपला दिवस कमावला होता, तिला मी माझ्या दिवाणखान्यात लाभार्थी करून टाकलं होतं. आता प्रश्न होता कामाचा. खोटं काम सांगितलं असतं तर ते त्यांना लगेच कळलं असतं. तयार बांध मोडून पुन्हा घालणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. आणि मी घरभर बघतेय, तर हाताने करण्यासारखं माझ्या आयुष्यात काही उरलेलंच नाही. लोकांचे दिवस मोजून पोट भरणाऱ्या मला एक दिवसाचं काम सापडेना.

नवरा श्रीखंडाचा डबा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो म्हणाला, “गोधड्या.”

देव पावला. माझ्या सासूबाईंनी शिवलेल्या सात-आठ जाड गोधड्या माळ्यावर होत्या. नवऱ्याची पाठ गेल्यापासून त्या धुतल्याच नव्हत्या. यंत्रात मावत नाहीत, बाई हात लावत नाही आणि एकटीने पिळता येत नाहीत. गाद्याही उन्हाला आसुसलेल्या. सक्रीबाईंनी एका गोधडीचा टाका बोटाने चाचपून बघितला, म्हणाल्या, हां, हे काम हाय. आणि पदर पुन्हा खोचला.

आम्ही सगळं गच्चीवर नेलं. मोठ्या टबात पाय घालून तुडवलं. मग एका टोकाला त्या आणि एका टोकाला मी, उलट्या दिशांनी पीळ द्यायचा. पहिल्यांदा माझ्या हातून टोक सुटलं आणि त्या मागच्या मागे बसल्या. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. गच्चीवर कपडे धुवायला मनाई आहे, म्हणाले. सक्रीबाईंनी त्यांना शांतपणे ओल्या गोधडीचं तिसरं टोक धरायला दिलं. ते कसं कोण जाणे, त्यांनी धरलं. जेवायला मात्र त्या आनंदाने बसल्या, कारण सावडीत जेवण मालकाचंच असतं. श्रीखंड आवडलं नाही. लोणचं आवडलं.

ऊन कललं तेव्हा गच्चीभर गोधड्या वाळत होत्या. मुलगा न्यायला आला. सक्रीबाईंनी हात धुतले.

“फिटला दिस,” त्या म्हणाल्या. मग जिना उतरता उतरता थांबल्या. “पर असं कोरं ठेवणं बरं न्हाई. कुणाचं कुणाकडं काईच बाकी न्हाई, तर येणं-जाणं काहून व्हईल? पुढल्या हळदीला येजा.”

ह्या सगळ्यातून राहिलं काय, असं लिहायची प्रवासवर्णनात रीत आहे. नखांवरचा रंग गेला, टी-शर्ट फरशी पुसायला गेला. हळकुंडं मी गिरणीतून दळून आणली, ती आमटीत रोज असतात. औंढ्याला नक्की जा, नाक्यावर पोहे खा, आणि फेब्रुवारीत कुणाच्या रानात उतरलात तर आधी विचार करा, कारण तो माणूस तुमच्या दारात येणार आहे आणि तेव्हा तुमच्याकडे काम असायला हवं.

मी पुढच्या फेब्रुवारीची रजा आत्ताच टाकली आहे, स्वतःची, पगारी, समाजसेवेची नव्हे. अर्जात कारण निवडावं लागतं. आजारपण, लग्नकार्य, पर्यटन, धार्मिक विधी, अशी यादी आमच्याच विभागाने केलेली आहे. त्यात सावड नाही. मी यादी दोनदा खालपर्यंत वाचली आणि ‘घरचं काम’ निवडलं.